घोड्याची शिक्षा

'शिक्षा' या शब्दाचा प्रवास मोठा विचार करण्याजोगा आहे. संस्कृतांत त्याचा अर्थ शिकणें व शिकविणें असा आहे. शिक्षक, शिक्षण, सुशिक्षित हे आपले नेहमींचे शब्द त्याच घरचे होत. परंतु मराठींत नुसता 'शिक्षा' हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें शाळा उभी राहत नाहीं, छडी उभी राहते. 'त्यास चांगला धडा शिकविला पाहिजे' असें जो म्हणतो त्याच्या हातांत पुस्तक नसतें, हें सर्वांस ठाऊक आहे. पाठीवर वळ उठल्यावांचून विद्या आंत शिरत नाहीं ही आपल्या लोकांची समजूत इतकी जुनी आहे कीं ती भाषेच्या हाडांमासांत मुरून गेली आहे. घोडा फेरणाऱ्या मनुष्यास आपले पूर्वज चाबूकस्वार म्हणत. त्याच्या धंद्याचें नांवच चाबकावरून पडलें. ही समजूत खरी कीं खोटी, याचा विचार आम्ही आज या मुक्या जनावराच्याच निमित्तानें करणार आहों. वाचकांपैकीं घोडा बाळगणारे थोडे असतील. परंतु बैल, शेरडूं, कुत्रें किंवा लेंकरूं यांपैकीं कोणीच ज्याच्या हाताखालीं नाहीं असा मनुष्य विरळा.

दोंडाईच्याहून शहाद्याकडे जातांना तापीच्या कांठीं सारंगखेडें लागतें. पूर्वीं हा मुलूख धुळें जिल्ह्यांत मोडत असे. १ जुलै १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत गेला आहे. तेथें एकमुखी दत्ताचें देऊळ आहे, व मार्गशीर्षी पौर्णिमेच्या सुमारास मोठी जत्रा भरते. परंतु या जत्रेचें नांव दूरवर गेलें आहे तें घोड्यांमुळें. मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा लांबलांबच्या मुलुखांतून व्यापारी आपलीं जनावरें घेऊन येथें उतरतात. ज्यांच्या कानांचीं टोंकें आंत वळून एकमेकांस भिडतात ते मारवाडी घोडे, पांढरे शुभ्र नुकरे, आईच्या पोटाखालून डोकावणारीं शिंगरें, असा तो देखावा पाहून म्हाताऱ्या मनुष्याचेंही मन क्षणभर पोरकट होतें. गिऱ्हाईक आलें कीं तें प्रथम घोड्याचे भोंवरे पाहतें: कपाळावर कोठें, गळ्यावर कोठें, कोणता शुभ, कोणता अशुभ. केसांच्या वळणांत धन्याचें नशीब वाचणारे हे लोक घोड्याचें तोंड उघडून दांतही मोजतात. परंतु जीभ कापली आहे कीं काय, जबड्यावर जखम आहे कीं काय, हें मात्र त्यांतले पुष्कळजण पाहत नाहींत. भोंवऱ्यांचा विषय निराळा आहे. त्याविषयीं पुन्हां केव्हां तरी.

आम्ही एका ओळखीच्या शेतकरी बंधूबरोबर तेथें गेलों होतों. सायंकाळीं आमच्या समोरच्या दावणीवरचा एक तीन वर्षांचा कुमैत घोडा विकला गेला, व त्यास मालमोटारींत चढविण्याची खटपट सुरू झाली. मालमोटारीस मागून लांकडी फळी लाविली होती. एकानें लगाम धरून पुढून ओढावें, दोघांनीं मागून दोरखंड लावून रेटावें, चौथ्यानें काठी हाणावी आणि पांचव्यानें मोठ्यानें ओरडावें, असा तो प्रकार होता. घोडा फळीपाशीं येई, नाकपुड्या फुलवून आंतल्या काळोखाकडे पाही, आणि मागल्या पायांवर उभा राही. एकदां तर त्यानें पुढचा एक पाय फळीवर ठेविलाही. परंतु त्याच क्षणीं, 'आतां चढतो' अशा आनंदानें मागच्या गड्यानें जोराची काठी घातली, आणि घोडा फळी उडवून बाजूस झाला. असें सुमारें दोन तास चाललें. तोंडाच्या कोपऱ्यांतून रक्त येऊं लागलें. जमलेले लोक म्हणूं लागले, जनावर माजलें आहे. कोणी म्हणाला, हट्टी आहे. एकानें भोंवऱ्याचा दोष काढिला.

शेजारच्या दावणीचा एक म्हातारा मारवाडी मोतद्दार इतका वेळ हें सर्व पाहत बसला होता. तो उठून आला व त्यानें घोडा मागून घेतला. प्रथम त्यानें तोंडांतला लगाम काढून साधी मोहरकी घातली, आणि घोड्यास मालमोटारीपासून दूर नेऊन नुसतें उभें केलें. घोड्याचा ऊर खालींवर व्हावयाचा थांबला तेव्हां तो त्यास घेऊन परत फळीकडे आला. त्यानें दोरी अगदीं हलकी ताणिली. घोडा हलला नाहीं. दोरी तशीच राहिली. ओढ वाढली नाहीं कीं कमी झाली नाहीं. मग घोड्यानें आपला भार किंचित् पुढें झुकविला. पाऊलही टाकिलें नव्हतें. परंतु म्हाताऱ्यानें दोरी तत्काळ सैल सोडिली, आणि मानेच्या बुडाशीं हात फिरविला. थोडें थांबून पुन्हां तेंच. एक पाय फळीवर आला, दोरी सैल झाली. घोडा मागें सरला तर म्हातारा रागावत नसे. दोरीचा तो हलका ताण तेवढा कायम ठेवून त्याच्याबरोबर चालत मागें जाई, व घोडा थांबतांच ताण सोडी. पाऊण तासानें घोडा मालमोटारींत उभा होता व कडबा ओढून खात होता. म्हाताऱ्यानें हातही झटकले नाहींत. तो आपल्या दावणीकडे निघून गेला.

ज्यांनीं हें पाहिलें त्यांतले कित्येक म्हणाले कीं म्हाताऱ्यास मंत्र येतो. मंत्र वगैरे कांहीं नव्हतें. आणि हीच गोष्ट आम्हांस वाचकांपुढें नीट मांडावयाची आहे. आपल्याला वाटतें कीं दोरी ओढिली म्हणजे घोडा शिकतो. वास्तविक दोरी ओढल्यानें तो कांहींच शिकत नाहीं. दोरी सुटल्यानें शिकतो. ओढ हा प्रश्न आहे व सुटका हें उत्तर आहे. ओढ लागली असतां घोडा नाना प्रकार करून पाहतो: मान वर करितो, मागें सरतो, आडवा होतो, पुढें येतो. यांपैकीं जें केलें असतां ओढ थांबते तें त्याच्या स्मरणांत राहतें, व पुढच्या वेळीं तें तो लवकर करितो. अमेरिकेंतील एडवर्ड थॉर्नडाइक या पंडितानें १८९८ सालीं मांजरांस पिंजऱ्यांत ठेवून हाच नियम तपासून प्रसिद्ध केला: ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख किंवा सुटका येते ती कृति प्राणी पुन्हां करितो. या 'पाठोपाठ' शब्दांत सर्व मर्म आहे. सुटका एकदोन क्षणांतच मिळाली पाहिजे. उशीर झाला तर घोडा त्या उशिराच्या वेळीं जें करीत असेल त्यासच ती जोडतो.

आतां त्या पांच मनुष्यांकडे पाहा. घोडा मागें सरला तरी काठी, पुढें आला तरी काठी, उभा राहिला तरी काठी. पुढून लगाम तोंड फाडीत होता, म्हणून पुढें जाण्याची भीति. मागून मार होता, म्हणून मागें राहण्याची भीति. ज्या एका क्षणीं त्यानें योग्य तें केलें, म्हणजे पाय फळीवर ठेविला, त्याच क्षणीं त्यास सर्वांत मोठा फटका मिळाला. आपल्या गांवच्या शाळेंत एखाद्या मास्तरानें मुलाचें उत्तर चुकलें तरी छडी, बरोबर आलें तरी छडी, असा क्रम धरिला तर त्या मुलास कोणी हट्टी म्हणेल काय?

यांत घोड्याच्या जातीचा स्वभावही लक्षांत घेतला पाहिजे. बैलास शिंगें आहेत, कुत्र्यास सुळे आहेत. घोड्याचें मुख्य शस्त्र पळ हें आहे. मोकळ्या रानांत जो आधीं पळाला व मागून विचार करीत बसला तोच वांचला, आणि आजचे घोडे त्याच्याच वंशाचे आहेत. त्याचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्यास जवळजवळ सभोंवार दिसतें; मात्र कपाळाच्या अगदीं समोरचें व शेपटीच्या अगदीं मागचें दिसत नाहीं. म्हणून मागून मुकाट्यानें येणारा मनुष्य त्यास शत्रु वाटतो. उजेडांतून काळोखांत पाहण्यास त्याचा डोळा आपल्यापेक्षां सावकाश जुळतो. आपल्यास मालमोटारीची लांकडी जमीन दिसते तेथें त्यास विवर दिसतें. त्याची कातडी इतकी जागी असते कीं माशी बसली तर तेवढीच जागा तो थरथरवितो. ज्यास माशीचा पाय कळतो त्यास टाचेचा इशारा कळत नाहीं असें म्हणणें हें घोड्याविषयींचें विधान नव्हे, आमच्या टाचेविषयींचें आहे. आणि लगामाची कडी जेथें बसते ती जागा कोणती? पुढचे दांत व दाढा यांमध्यें घोड्याच्या जबड्यास मोकळी जागा असते. तेथें हाडावर पातळ कातडीवांचून दुसरें कांहीं नसतें. आपल्या नडगीच्या हाडावर लोखंड ठेवून कोणी वर दोरीनें हिसका दिला तर काय होईल याचा अंदाज ज्याचा त्यानें करावा.

बर्लिन शहरांत शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं हान्स नांवाचा एक घोडा फार गाजला होता. फॉन ओस्टेन या सेवानिवृत्त शिक्षकानें त्यास अंकगणित शिकविलें होतें असें सांगत. बेरीज विचारिली म्हणजे घोडा खुरानें तितके ठोके देई. १९०४ सालीं विद्वानांच्या एका मंडळानें तपास केला तेव्हां कसलीच लबाडी सांपडली नाहीं. पुढें ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें अधिक बारकाईनें पाहिलें, व १९०७ सालीं त्याचें पुस्तक प्रसिद्ध झालें. खरा प्रकार असा निघाला कीं ठोके बरोबर संख्येवर आले म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचें डोकें किंचित् हले. त्या मनुष्यास स्वतःस तें ठाऊक नसे. परंतु घोड्यास दिसे, व तो थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलें, किंवा घोड्यास तो दिसत नसला, तर घोड्याचें गणित बुडे. लोक हंसले कीं घोड्यास बेरीज येत नव्हती. आम्हांस मात्र यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. जो प्राणी मनुष्याच्या मानेची केंसभर हालचाल वाचतो तो आपल्या हातांतला राग वाचीत नसेल काय? 'मी रागानें नव्हे, त्याच्या भल्यासाठीं मारिलें' असें आपण शेजाऱ्यास सांगूं शकतों. घोड्यास सांगतां येत नाहीं.

हें आम्ही दुसऱ्यांचे दोष काढण्याकरितां लिहीत नाहीं. आमच्या लहानपणीं वडिलांपाशीं एक तट्टूं होतें. आठवड्याच्या बाजारास जातांना वाटेंत नाल्यावर एक फरशी लागे; तिच्यावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असे व उन्हांत चकाके. तट्टूं तेथें येऊन थांबे. वडील बरोबर असले म्हणजे ते उतरून पुढें चालत, व तें त्यांच्यामागून येई. आम्ही एकटे असलों म्हणजे आम्हांस उतरण्याचा कमीपणा वाटे. आम्ही टाचा मारीत असूं, दोरीचा शेंवट पाठीवर ओढीत असूं. आणि अखेरीस तें कसेंबसें पलीकडे गेलें म्हणजे, 'इतका वेळ कां लाविलास?' म्हणून आणखी दोन फटके ठेवून देत असूं. दिवसेंदिवस तें अधिकच अडूं लागलें. पावसाळा सरला, फरशी कोरडी पडली, तरीही तें तेथें थरथरूं लागलें. जनावर निर्लज्ज आहे असें आम्हीं घरीं सांगितलें. फरशी ओलांडली कीं मार मिळतो हाच धडा आम्ही त्यास दर आठवड्यास नेमानें देत होतों, आणि तो धडा त्यानें उत्तम प्रकारें पाठ केला होता, हें आमच्या ध्यानांत पुष्कळ वर्षांनीं आलें, व तेंही दुसऱ्यानें सांगितल्यावर. तेव्हां तें तट्टूं राहिलें नव्हतें.

बलाम व त्याची गाढवी यांची गोष्ट वाचकांस पाठ आहे. तिला त्यानें तीन वेळां मारिलें, आणि तिन्ही वेळां जें तिला दिसत होतें तें त्याला दिसत नव्हतें. या गोष्टींतलें नवल आपण नेहमीं गाढवीच्या बोलण्यांत पाहतों. आम्हांस अलीकडे असें वाटूं लागलें आहे कीं बोलण्यापूर्वींचे ते तीन मार हेंच त्यांतलें अधिक ओळखीचें आहे.

(येथें आमच्या उपदेशक बंधूंकरितां एक शब्द. रविवारीं जे उपासनेस आले नाहींत त्यांच्याबद्दल जे आले आहेत त्यांस अर्धा तास रागें भरण्याची चाल कांहीं मंडळ्यांत आहे. फरशी ओलांडून आलेल्या तट्टास फटके देण्याचाच हा प्रकार होय. असो.)

इतकें वाचून कोणी म्हणेल, चला, प्रश्न सुटला. मायेनें वागविल्यास घोडा लवकर शिकतो, तर मायेनें वागवावें, त्यांत विचार करण्यासारखें काय आहे? परंतु गोष्ट इतकी सोपी नाहीं, आणि ती सोपी आहे असें सांगून आम्ही वाचकांस फसवूं इच्छीत नाहीं. खरें हें आहे कीं चाबूकही काम करितो. खानदेशांत लग्नाच्या वरातींत नाचणारा घोडा आणण्याची हौस मोठी आहे. ताशाच्या ठेक्यावर पाय उचलणारा, मागल्या पायांवर उभा राहून नवरदेवास सलाम करणारा घोडा पाहण्यास गांव लोटतो. असा घोडा धीर धरून तयार करणारेही लोक आहेत: पायास काठी नुसती टेंकवितात, पाय उचलला कीं काठी काढून घेतात, गुळाचा खडा देतात, आणि महिनोंमहिने थोडें थोडें वाढवीत नेतात. परंतु दुसरीही रीत आहे. घोडा दोन खुंटांमध्यें आंवळून बांधावा, तोंडांत कांटेरी कडी द्यावी, पायांवर मारीत सुटावें. असाही घोडा नाचतो, आणि लवकर नाचतो. वरातींत उभें राहून पाहणाऱ्यास या दोन घोड्यांतला भेद बहुधा कळत नाहीं. ग्रीक सेनापति झेनोफन यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत अश्वविद्येवर पुस्तक लिहिलें. जुलमानें करून घेतलेलें काम घोड्यास समजलेलें नसतें, आणि त्यांत शोभाही नसते, असें मत त्यानें त्यांत मांडिलें आहे. समजलेलें नसतें हें खरें. परंतु शोभेची पारख करणारे झेनोफन वरातींत किती असतात?

म्हणून माया लाभाची आहे एवढ्यावरच तिचा पाया घातला, तर ज्या दिवशीं मार अधिक लाभाचा दिसेल त्या दिवशीं ती इमारत कोसळेल.

आणखी एक अडचण आहे. शांतपणा म्हणजे समाधान असें आपण धरून चालतों. १८५८ सालीं जॉन रेरी या अमेरिकन मनुष्यानें विलायतेंत व्हिक्टोरिया राणीपुढें घोडे वश करून दाखविले. क्रूझर नांवाचा एक खुनशी घोडा, ज्याच्या तोंडास लोखंडी मुसकें घालून ठेवीत असत, तो त्याच्या हातीं गाईसारखा झाला. रेरी चाबकाचा शत्रु होता व मृदु बोलण्याचा पुरस्कर्ता होता, यांत संशय नाहीं; त्याच्यामुळें पुष्कळ घोड्यांचा मार चुकला असेल. परंतु त्याची युक्ति अशी होती कीं घोड्याचा पुढचा एक पाय पट्ट्यानें दुमडून बांधावा, त्यास धडपडूं द्यावें, दमून तो आडवा पडला म्हणजे त्याच्या अंगावर हात फिरवावा. जुन्या लोकांनीं याला दया म्हटलें. आज त्याकडे निराळ्या दृष्टीनें पाहावें लागतें. १९६७ सालीं सेलिगमन व मायर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनीं कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कुत्र्यांस विजेचे धक्के कांहीं केल्या चुकवितां येत नव्हते, त्यांस पुढें सुटकेची वाट मोकळी असतांही त्यांतलीं पुष्कळशीं उठलीं नाहींत. तीं पडून धक्के सोशीत राहिलीं. (ते प्रयोगही दयेचे नव्हते, हें येथें सांगितलें पाहिजे.) तेव्हां खालीं मान घालून उभा राहणारा, कशालाच न बुजणारा, टाच मारिली तरी कान न हलविणारा घोडा आपण पाहतों तेव्हां, हा शहाणा झाला कीं याची आशा संपली, हा प्रश्न विचारणें भाग आहे. बाजारांत दोन्ही घोडे 'गरीब' याच एका नांवानें विकले जातात.

मग जनावराशीं कसें वागावें याचा पाया कोठें शोधावा? आमच्या मतें तो लाभांत नाहीं, तसाच नुसत्या ज्ञानांतही नाहीं. घोडा कसा शिकतो हें ज्ञान निर्दय मनुष्याच्याही उपयोगीं पडतें. शिवाय दोरीचा हलका ताण हाही सुखाचा नसतो, त्रासाचाच एक लहान प्रकार असतो, हें त्या म्हाताऱ्या मोतद्दाराविषयींच्या सर्व आदरासह कबूल केलें पाहिजे. परंतु ज्ञान एक गोष्ट निश्चितपणें करितें: तें आमची सबब काढून घेतें. शिक्षा, मग ती न्यायाधीशानें दिलेली असो कीं बापानें, एका गोष्टीवर उभी असते. ज्यास ती दिली त्यास आपण काय केलें व काय करावयास पाहिजे होतें हें ठाऊक असलें पाहिजे. ज्यास तें ठाऊक नाहीं त्यास दिलेली शिक्षा ही शिक्षा नव्हे. ती केवळ वेदना आहे. फरशीवरच्या आमच्या तट्टास काय ठाऊक होतें? जोंपर्यंत 'त्यास सर्व समजतें, मुद्दाम करितें' असें आम्ही मानीत होतों तोंपर्यंत आमच्या फटक्यास शिक्षेचें नांव तरी देतां येत होतें. तें नांव आतां देतां येत नाहीं. फटका तोच; परंतु त्याच्या अंगावरचें पांघरूण गेलें आहे.

आणि येथें सत्तेचाही विचार येतो. त्या दोन तासांत घोडा पांच मनुष्यांस जाब विचारूं शकत नव्हता, नोकरी सोडून जाऊं शकत नव्हता, आपली बाजू पंचांपुढें मांडूं शकत नव्हता. ज्याच्या हातांत दोरीचें एक टोंक आहे आणि ज्याच्या तोंडांत दुसरें आहे, त्या दोघांमध्यें समजून घेण्याचें ओझें कोणावर असावें? आमचें उत्तर असें कीं ज्यास दोरी सोडतां येते त्याच्यावर. जनावर न समजल्याचा दोष आधीं सांगणाऱ्याकडे जातो; आणि तो तेथें नाहीं अशी खात्री होईपर्यंत हात उगारण्याचा अधिकार आम्हांस प्राप्त होत नाहीं.

सरकारनेंही यांतला कांहीं भाग कायद्यांत घातला आहे. प्राण्यांस क्रूरपणें वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० सालीं झाला, व ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांविषयींचे नियम १९६५ सालीं आले. त्या नियमांप्रमाणें कांटे, गांठी किंवा टोंकें असलेला लगाम जनावरास घालणें मना आहे. पराणीची आरही त्यांतच येते. पुष्कळ घोडेवाल्यांस हें ठाऊक नसतें, आणि ज्यांस ठाऊक असतें ते कडी गोंड्यांखालीं झांकून ठेवितात.

एका घोडेवाल्या बंधूनें आम्हांस जें उत्तर दिलें तें येथें न लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. तो म्हणाला, "पास्तरसाहेब, कर्ज काढून घोडा घेतला. लग्नाचे चार महिने हा नाचला तर वर्षभर माझीं पोरें जेवतात. सहा महिने मायेनें शिकवीत बसूं तर हप्ता कोण भरणार? आणि वरातींत घोडा क्षणभर थांबला तर नवरदेवाचा मामा मला सर्वांदेखत बोलतो, अर्धे पैसे कापतो." या मनुष्यास राक्षस म्हणून मोकळें होणें सोपें आहे. परंतु त्यानें जें सांगितलें त्यांत आमचाही वांटा आहे. घोडा नाचावा ही मागणी त्याची नाहीं, वरातीची आहे. नोट ओंवाळून 'आणखी, आणखी' म्हणणारे हात त्याचे नाहींत. ते कधीं कधीं आमच्याच मंडळ्यांतले असतात, आणि त्या वरातीमागें जेवणाच्या पंगतीस आम्हीही बसलों आहों. कांटेरी कडीची एक दोरी घोडेवाल्याच्या हातांत दिसते. दुसरी दिसत नाहीं, ती सुपारी देणाऱ्याच्या हातांत असते.

त्या बंधूशीं आमचें पुढें बरेंच बोलणें झालें, व शेंवटीं पुढील गोष्टी करून पाहण्यास तो कबूल झाला. कांटेरी कडी काढून टाकावी व घोड्याचें तोंड सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत दाखवावें. जखम भरेपर्यंत मोहरकीवरच ठेवावें, वर कोणास बसूं देऊं नये. मग गुळगुळीत कडी द्यावी. ताशाचा आवाज प्रथम दोन शेतें दूरवरून ऐकवावा, घोडा चरत असतांना. त्यानें मान वर केली तर जवळ आणूं नये, पुन्हां चरूं लागला म्हणजे थोडा जवळ आणावा. नवीन कांहीं शिकवावयाचें तें थोडा वेळ शिकवावें, व घोड्यानें बरोबर केलें कीं त्या दिवसापुरतें तेथेंच थांबावें. सुपारी घेतांना सांगावें कीं हा घोडा चालेल, नवरदेवास सांभाळून नेईल, परंतु यंदा नाचणार नाहीं. कांहीं सुपाऱ्या जातील असें तो म्हणाला, आणि आम्हांसही तसेंच वाटतें. त्यांतल्या दोनतीन तरी जाऊं नयेत हें आपल्या मंडळ्यांच्या हातीं आहे. ज्यांच्या घरीं यंदा लग्न आहे त्यांनीं घोडा ठरवितांना, भावाची गोष्ट काढण्याआधीं, गोंडे बाजूस सारून लगामाची कडी आंतून बोटानें चांचपून पाहावी. कांटा असेल तर तो बोटास लागतो.